‘से’ वापरावे की ‘टेल’? मराठी भाषकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

इंग्रजीत ‘ही सेड मी दॅट…’ किंवा ‘ही टोल्ड दॅट…’ असे लिहिणाऱ्या मराठी माणसाला या दोन क्रियापदांचे अर्थ ठाऊक नसतात असे मुळीच नाही. ‘से’ म्हणजे म्हणणे आणि ‘टेल’ म्हणजे सांगणे हे शाळेतच पाठ झालेले असते, आणि ते बहुतांशी बरोबरही असते. तरीही कार्यालयीन ईमेलमध्ये, मुलाखतीत आणि स्पर्धा परीक्षेतल्या ‘चूक ओळखा’ या प्रश्नात नेमकी हीच जोडी दगा देते, कारण अडचण अर्थाची नसून वाक्यरचनेची आहे. त्यामुळे निवड करताना अर्थाचा विचार दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा आणि आधी एकच प्रश्न विचारावा : या वाक्यात ऐकणारा माणूस आहे का, आणि असल्यास तो क्रियापदाच्या अगदी पुढे बसणार आहे का?

हा प्रश्न आपल्याला आपोआप सुचत नाही, याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. ‘तो मला म्हणाला’ आणि ‘त्याने मला सांगितले’ या दोन्ही वाक्यांत ऐकणाऱ्याला ‘ला’ हाच प्रत्यय लागतो. शब्दांचा क्रम बदलून ‘मला तो म्हणाला’ असे केले तरी कोण बोलले आणि कोणी ऐकले याबद्दल शंका राहत नाही, कारण ती जबाबदारी प्रत्ययाने उचललेली असते. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय नाहीत. तिथे नाम कोणत्या जागेवर आले आहे यावरून त्याचे वाक्यातले काम ठरते, आणि ‘टेल’च्या पुढची जागा ऐकणाऱ्यासाठी राखून ठेवलेली आहे. ‘से’च्या पुढची जागा मात्र उच्चारलेल्या शब्दांची किंवा मजकुराची आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकातून निघतात.

पहिली पायरी : ऐकणारा शोधावा

मनातल्या मराठी वाक्यात ‘मला’, ‘तिला’, ‘आईला’, ‘साहेबांना’ असा शब्द आहे का ते पाहावे. तो असेल आणि इंग्रजीतही यायला हवा असेल, तर ‘टेल’ घ्यावे आणि त्या माणसाला क्रियापदाच्या लगेच पुढे, मध्ये काहीही न घालता, ठेवावे : ‘शी टोल्ड मी’, ‘आय टोल्ड माय मदर’, ‘दे टोल्ड द ड्रायव्हर’. मधल्या जागेत ‘टू’ येत नाही. ‘शी टोल्ड टू मी’ असे लिहिले जाते, कारण ‘ला’ म्हणजे ‘टू’ असे आपण लहानपणी घोकलेले असते. इथे ते समीकरण सोडून द्यावे.

ऐकणाऱ्याचा उल्लेख नसेल, तर ‘से’ घ्यावे : ‘शी सेड दॅट द शॉप वॉज क्लोज्ड’, म्हणजे दुकान बंद असल्याचे ती म्हणाली. हेच वाक्य ‘शी टोल्ड दॅट द शॉप वॉज क्लोज्ड’ असे लिहिले, तर ‘टोल्ड’नंतरची राखीव जागा रिकामी राहते आणि इंग्रजी वाचक ‘कोणाला?’ या प्रश्नावर अडखळतो. ‘मी आधी सांगितल्याप्रमाणे’ हे आपले लाडके वाक्य याच नियमाने ‘ॲज आय सेड अर्लिअर’ असे होते. ‘ॲज आय टोल्ड अर्लिअर’ चूक आहे. ‘ॲज आय टोल्ड यू अर्लिअर’ व्याकरणाने बरोबर आहे, पण पत्रात त्याचा सूर ‘एकदा सांगून झाले आहे ना’ असा चिडका लागू शकतो, म्हणून वरिष्ठांना किंवा ग्राहकाला लिहिताना ‘ॲज आय मेन्शन्ड अर्लिअर’ अधिक बरे.

हा फरक डोळ्यांसमोर ठळक करायचा असेल, तर मराठी वर्तमानपत्रातल्या दोन ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. ‘मंत्र्यांनी पत्रकारांना सांगितले’ ही एक, आणि ‘मंत्र्यांनी पत्रकार परिषदेत सांगितले’ ही दुसरी. मराठीत दोन्हीकडे ‘सांगितले’च आहे. इंग्रजीत पहिली ओळ ‘द मिनिस्टर टोल्ड रिपोर्टर्स’ अशी होते, कारण पत्रकार हे ऐकणारे आहेत, आणि दुसरी ओळ ‘द मिनिस्टर सेड ॲट अ प्रेस कॉन्फरन्स’ अशी होते, कारण पत्रकार परिषद हे बोलण्याचे ठिकाण आहे. म्हणजे मराठीत ‘सांगितले’ आहे म्हणून इंग्रजीत ‘टोल्ड’ आले पाहिजे, हा हिशेब कामाचा नाही.

दुसरी पायरी : ‘से’च्या वाक्यात ऐकणारा आणायचाच असेल तर

कधी कधी भर शब्दांवरच असतो आणि तरीही ते कोणाला उद्देशून होते हे सांगायचे असते. अशा वेळी ‘से’ ठेवून ऐकणाऱ्याच्या आधी ‘टू’ जोडावे : ‘व्हॉट डिड ही से टू यू?’ म्हणजे तो तुला काय म्हणाला, किंवा ‘शी सेड नथिंग टू मी’ म्हणजे ती मला काहीच बोलली नाही. या वाक्यांत ‘व्हॉट’ किंवा ‘नथिंग’ हा उच्चारलेल्या मजकुराचा प्रतिनिधी आहे आणि माणूस त्याच्या मागे ‘टू’चे बोट धरून उभा आहे.

‘ही सेड टू मी दॅट ही वॉज टायर्ड’ असे वाक्यही व्याकरणात बसते, पण ते जड वाटते. ‘दॅट’ने सुरू होणारा मजकूर आणि ऐकणारा असे दोघेही हजर असतील, तर ‘ही टोल्ड मी दॅट’ हीच इंग्रजीची सहज रचना आहे. शाळेत ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ शिकवताना ‘सेड टू’चे ‘टोल्ड’ करा असे सांगितले जाते, त्याचे कारण हेच. मात्र तो नियम विधानांपुरता आहे. अवतरणात प्रश्न असेल तर ‘सेड टू’चे ‘आस्क्ड’ होते, हे विसरल्यामुळे पुष्कळ गुण जातात.

तिसरी पायरी : काय सांगितले ते पाहावे

ऐकणारा सापडला की पुढची नजर मजकुरावर टाकावी. तो चार प्रकारचा असू शकतो : माहिती, जसेच्या तसे शब्द, करायला सांगितलेले काम आणि प्रश्न. माहितीचे पहिल्या पायरीतच आटोपले.

जसेच्या तसे शब्द अवतरणात द्यायचे असतील, तर ‘से’ हे नेहमीचे क्रियापद आहे : ‘“आय ॲम टायर्ड,” शी सेड.’ इथे ‘टेल’ अजिबात चालत नाही असे नाही. ‘“आय ॲम टायर्ड,” शी टोल्ड मी’ हे वाक्य शुद्ध आहे आणि बातम्यांत तशी रचना सर्रास दिसते, पण तेव्हाही ‘मी’ हा ऐकणारा हजर लागतो. ‘शी टोल्ड, “आय ॲम टायर्ड”’ ही रचना मात्र कुठेही चालत नाही.

करायला सांगितलेले काम हा ‘टेल’चा खास प्रांत आहे. ‘मी त्याला थांबायला सांगितले’ याचे ‘आय टोल्ड हिम टू वेट’ होते. नकार असेल तर ‘नॉट’ हा शब्द ‘टू’च्या आधी येतो : ‘आय टोल्ड हिम नॉट टू वेट’. ‘आय सेड हिम टू वेट’ हे चूक आहे. बोलीत ‘ही सेड टू वेट’, म्हणजे ‘थांबायला म्हणाला’, असे ऐकू येते, पण औपचारिक लेखनात ते टाळावे.

इथेच थोडे थांबावे लागते, कारण व्याकरण बरोबर असूनही माणूस उद्धट ठरू शकतो. मराठीतले ‘सांगणे’ फार सोशिक आहे. ‘मी साहेबांना रजा मंजूर करायला सांगितली’ हे आपण कोणताही अधिकार न गाजवता म्हणू शकतो. ‘आय टोल्ड माय मॅनेजर टू अप्रूव्ह माय लीव्ह’ असे इंग्रजीत म्हटले, की त्यात हुकूम सोडल्याचा भाव येतो, जणू रजा मागणारा वरिष्ठ आहे आणि मॅनेजर त्याच्या हाताखाली आहे. ‘टेल’नंतर माणूस आणि त्यानंतर ‘टू’सह क्रियापद आले, की ती आज्ञा किंवा किमान अधिकाराने दिलेली सूचना ठरते. डॉक्टरांनी रुग्णाला विश्रांती घ्यायला सांगितले, शिक्षकांनी मुलांना वह्या उघडायला सांगितले, पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला सांगितले, या सर्व ठिकाणी ‘टोल्ड’ शोभते. वरिष्ठ, ग्राहक, शेजारी, अनोळखी माणूस यांच्याकडून काही हवे असेल तर ‘आस्क्ड’ वापरावे : ‘आय आस्क्ड माय मॅनेजर टू अप्रूव्ह माय लीव्ह’. माझ्या मते ‘टोल्ड दॅट’ या चुकीपेक्षा ही चूक अधिक महागाची आहे, कारण पहिल्या चुकीने फार तर इंग्रजी कच्चे दिसते आणि दुसरीने स्वभावाबद्दल गैरसमज होतो. आपण हाच ‘सांगितल्या’चा सूर फोनवरही नेतो. फोन उचलल्यावर ‘हां, सांगा’ म्हणावे तसे ‘येस, टेल मी’ म्हटले जाते. भारतात ते रोजचेच आहे आणि कोणाला खटकत नाही, पण लंडन किंवा न्यू जर्सीतल्या सहकाऱ्याला ते तुटक वाटू शकते. त्याच्याशी बोलताना ‘हाउ कॅन आय हेल्प यू?’ असे विचारलेले बरे.

चौथा प्रकार प्रश्नाचा. मराठीत ‘तो मला म्हणाला, तू कुठे राहतोस?’ हे सहज चालते, कारण ‘म्हणणे’ प्रश्नालाही पोटात घेते. इंग्रजीत अप्रत्यक्ष कथनात प्रश्न आला, की ‘आस्क’ घ्यावे लागते : ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’. याउलट ‘ही टोल्ड मी व्हेअर ही लिव्ह्ड’ म्हणजे त्याने स्वतःचा पत्ता सांगितला. पहिल्या वाक्यात प्रश्न आहे, दुसऱ्यात उत्तर आहे, आणि एका क्रियापदाच्या फेरफाराने वाक्य उलटे होते. ‘से’नंतर ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हाय’ यांनी सुरू होणारा भाग बहुधा नकारार्थी किंवा प्रश्नार्थक वाक्यात येतो : ‘ही डिडन्ट से व्हेअर ही वॉज गोइंग’, ‘डिड शी से व्हेन शी वुड बी बॅक?’

चौथी पायरी : ‘की’नंतरचे सर्वनाम आणि काळ तपासावेत

क्रियापद अचूक निवडूनही वाक्य याच ठिकाणी कोसळते. मराठीत ‘की’ नंतर बोलणाऱ्याचे मूळ शब्द जवळपास तसेच ठेवण्याची पद्धत आहे. ‘प्रसाद मला म्हणाला की मी उद्या पुण्याला जाणार आहे’ या वाक्यातला ‘मी’ हा प्रसाद आहे, हे मराठी श्रोत्याला सांगावे लागत नाही. तेच शब्द उचलून ‘प्रसाद टोल्ड मी दॅट आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो’ असे लिहिले, तर इंग्रजीत पुण्याला जाणारा प्रसाद राहत नाही. लिहिणारा स्वतःच जाणार आहे आणि ही बातमी त्याला प्रसादकडून कळली, असा अर्थ होतो. ‘टोल्ड मी’ अचूक, ‘टू’ नाही, सारे जागच्या जागी, आणि तरीही निरोप चुकीचा पोचतो.

दुरुस्ती तीन टप्प्यांत करावी. पहिल्यांदा ‘मी’ कोण ते ठरवून सर्वनाम बदलावे : ‘आय’च्या जागी ‘ही’. मग काळ एक पाऊल मागे न्यावा : ‘ॲम गोइंग’चे ‘वॉज गोइंग’. शेवटी ‘उद्या’कडे पाहावे. निरोप त्याच दिवशी सांगितला जात असेल तर ‘टुमॉरो’ राहते. आठवड्यानंतर सांगितला जात असेल तर ‘द नेक्स्ट डे’ करावे लागते. वाक्य होते : ‘प्रसाद टोल्ड मी दॅट ही वॉज गोइंग टू पुणे द नेक्स्ट डे.’

काळ मागे नेण्याचा नियम शाळेत जेवढा कडक शिकवला जातो तेवढा तो प्रत्यक्षात नाही. सांगितलेली गोष्ट आजही खरी असेल तर वर्तमानकाळ ठेवता येतो : ‘शी सेड दॅट द लायब्ररी इज क्लोज्ड ऑन मंडेज’. वाचनालय आजही सोमवारी बंद असेल तर यात काही चूक नाही. परीक्षेत मात्र गुण देणाऱ्याच्या मनात नियम बसलेला असतो, हे ध्यानात ठेवून तिथे काळ मागेच न्यावा. एका बारीक खुणेचीही सवय लावून घ्यावी. आपण ‘म्हणाला की,’ असा ‘की’ नंतर स्वल्पविराम देतो आणि तो हाताच्या सवयीने इंग्रजीत ‘ही सेड दॅट, ही वुड कम’ असा उतरतो. ‘दॅट’नंतर तिथे स्वल्पविराम नको. किंबहुना ‘दॅट’ही अनेकदा गाळता येते : ‘ही सेड ही वुड कम’.

पाचवी पायरी : ठरलेल्या जोड्या पाठ कराव्यात

इतका वेळ जो नियम सांगितला त्याला काही जोड्या जुमानत नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ‘टेल’नंतर माणूस नसतानाही चालणाऱ्या जोड्यांत गोष्ट, विनोद, गुपित, खोटे आणि खरे ही मुख्य मंडळी येतात : ‘टेल अ स्टोरी’, ‘टेल अ जोक’, ‘टेल अ सीक्रेट’, ‘टेल अ लाय’, ‘टेल द ट्रुथ’. आपण खोटे ‘बोलतो’, म्हणून ‘स्पीक लाय’ अशी रचना आपल्याकडे रुळली आहे. ती सोडावी. खऱ्याच्या बाबतीत मात्र ‘स्पीक द ट्रुथ’ही चालते. घड्याळ वाचता येणे म्हणजे ‘टेल द टाइम’, दोन गोष्टींतला फरक ओळखता येणे म्हणजे ‘टेल द डिफरन्स’.

‘से’च्या गोतावळ्यात छोटे उद्गार येतात : ‘से येस’, ‘से नो’, ‘से सॉरी’, ‘से हॅलो’, ‘से गुडबाय’, ‘से थँक यू’, ‘से अ प्रेअर’, ‘से अ फ्यू वर्ड्स’. इथे माणूस आणायचा झाल्यास दुसऱ्या पायरीतला ‘टू’ परत येतो : ‘से सॉरी टू युअर सिस्टर’. मुलांना दटावताना ‘टेल सॉरी’, ‘टेल थँक यू’ असे म्हणणारे पालक पुष्कळ आढळतात. मूल तेच उचलते. ‘तसे’ या अर्थाचा ‘सो’ दोघांनाही चालतो, पण आपापल्या शिस्तीत : ‘ही सेड सो’ आणि ‘आय टोल्ड यू सो’.

‘नाव सांगा’ हे उदाहरण मुद्दाम वेगळे काढण्यासारखे आहे. नाव जाणून घ्यायचे असेल तर ‘टेल मी युअर नेम’ म्हणावे, किंवा त्याहून सभ्य असे ‘मे आय नो युअर नेम?’ म्हणावे. ‘से युअर नेम’ म्हणजे नावाचा मोठ्याने उच्चार करा, जसे मायक्रोफोन तपासताना सांगतात. ‘टेल युअर नेम’ यात ऐकणाऱ्याची जागा रिकामी आहे. फोनवर ऐकू आले नाही तर ‘कुड यू से दॅट अगेन?’ हे शब्द पुन्हा उच्चारण्याची विनंती करते. ‘टेल अगेन’ म्हणू नये.

सहावी पायरी : दोन्ही नको अशा जागा ओळखाव्यात

मराठीत ‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ यांच्यावर कामाचा इतका बोजा आहे, की त्यांतली कित्येक कामे इंग्रजीत तिसरीच क्रियापदे करतात. गाणे म्हणणे म्हणजे ‘सिंग’, कविता म्हणणे म्हणजे ‘रिसाइट’. कारण सांगणे म्हणजे ‘गिव्ह अ रीझन’, मत सांगणे म्हणजे ‘गिव्ह ॲन ओपिनियन’, गणित समजावून सांगणे म्हणजे ‘एक्सप्लेन’. या ‘एक्सप्लेन’पुढे पुन्हा ‘टू’ लागतो : ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘एक्सप्लेन मी’ म्हणणे म्हणजे ‘टेल मी’च्या साच्यात भलतेच क्रियापद ओतणे.

‘याला इंग्रजीत काय म्हणतात?’ हा प्रश्न शिकणाऱ्याच्या तोंडी वारंवार येतो. समोरच्या वस्तूकडे बोट दाखवून विचारायचे असेल तर ‘व्हॉट डू यू कॉल धिस इन इंग्लिश?’ असे विचारावे. आपल्याकडे मराठी शब्द किंवा वाक्य आहे आणि त्याला इंग्रजी पर्याय हवा आहे, तेव्हा मात्र ‘हाउ डू यू से धिस इन इंग्लिश?’ असे विचारावे. वस्तूला ‘व्हॉट’ आणि ‘कॉल’, शब्दांना ‘हाउ’ आणि ‘से’. यांची अदलाबदल करू नये.

मुंबई आणि आसपासच्या बोलण्यात ‘तो मला बोलला की…’ अशी रचना आता घराघरांत पोचली आहे. ती मराठीत शुद्ध की अशुद्ध हा वाद इथे नको, पण तिच्यामुळे इंग्रजीत ‘ही स्पोक मी दॅट’ उतरते हे खरे. ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ या क्रियापदांना ‘दॅट’ने सुरू होणारा मजकूर पेलत नाही. ती बोलण्याची क्रिया सांगतात, काय बोलले ते सांगत नाहीत. विषय सांगायचा असेल तर ‘ही टॉक्ड अबाउट हिज ट्रिप’ किंवा ‘ही टोल्ड अस अबाउट हिज ट्रिप’ असे म्हणावे. दुसऱ्या वाक्यात ‘अस’ गाळून ‘ही टोल्ड अबाउट हिज ट्रिप’ केले, की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर घसरतो.

सातवी पायरी : कर्मणी रचना आणि निर्जीव कर्ता

‘मला सांगण्यात आले’ याचे ‘आय वॉज टोल्ड’ होते. ‘आय वॉज सेड’ होत नाही, कारण कर्मणी रचनेत क्रियापदाच्या पुढच्या जागेवरचा घटक उचलून वाक्याच्या आरंभी आणला जातो, आणि ‘से’च्या पुढे माणूस कधी बसलेलाच नसतो. ‘असे म्हणतात की’ यासाठी ‘इट इज सेड दॅट’ किंवा ‘ही इज सेड टू बी’ घ्यावे. ‘इट इज टोल्ड दॅट’ टाळावे.

‘अहवालात म्हटले आहे’, ‘पाटीवर लिहिले आहे’ अशी सप्तमीची रचना आपल्याला सोयीची वाटते, म्हणून ‘इन द रिपोर्ट इट इज सेड दॅट’ असे लांबलचक इंग्रजी जन्माला येते. इंग्रजीत अहवाल, पाटी, घड्याळ, पत्र हे सगळे स्वतःच बोलतात : ‘द रिपोर्ट सेझ’, ‘द साइन सेझ’, ‘माय वॉच सेझ टेन’. या रूपाचा उच्चार ‘सेझ’ असा आखूड आहे. स्पेलिंगकडे पाहून तो ‘सेयझ’ असा लांबवू नये.

‘टेल’चा आणखी एक अर्थ आपल्याकडे फारसा शिकवला जात नाही, तो म्हणजे ओळखणे किंवा कळणे. ‘आय कुड टेल फ्रॉम हर व्हॉइस दॅट शी वॉज अपसेट’ म्हणजे तिच्या आवाजावरून ती नाराज असल्याचे मला कळले. यात कोणीही कोणाला काही सांगितलेले नाही. या अर्थाने ते बहुधा ‘कॅन’ किंवा ‘कुड’सोबत येते. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा एक अर्थ मोजणे असा होता, आणि तो आजही काही जागी टिकून आहे, उदाहरणार्थ बँकेत नोटा मोजून देणारा ‘टेलर’, आणि ‘एकूण धरून’ या अर्थाचा ‘ऑल टोल्ड’ हा वाक्प्रचार. कपडे शिवणाऱ्याशी बँकेतल्या या टेलरचे काही नाते नाही. त्याचे स्पेलिंग आणि मूळ दोन्ही वेगळे.

आठवी पायरी : एक उतारा उतरवून पाहावा

पुढचा मजकूर कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीत घडावा असा आहे :

‘काल सोसायटीच्या सचिवांनी मला सांगितले की शनिवारी पाणी येणार नाही. “मग टँकर मागवा,” मी म्हटले. ते म्हणाले की समितीला विचारावे लागेल. खाली लावलेल्या सूचनेत मात्र दुरुस्ती रविवारी होणार असे म्हटले आहे. वॉचमनला विचारले, तर त्याला कोणी काही सांगितलेलेच नव्हते. सचिवांच्या चेहऱ्यावरून कळत होते की त्यांनाही खात्री नाही. शेवटी त्यांनी आम्हाला दोन दिवसांचे पाणी भरून ठेवायला सांगितले.’

पहिल्या वाक्यात ‘मला’ आहे, म्हणून ‘टेल’ : ‘येस्टरडे द सोसायटी सेक्रेटरी टोल्ड मी दॅट देअर वुड बी नो वॉटर ऑन सॅटर्डे.’ भविष्यकाळातले ‘विल’ मागे सरकून ‘वुड’ झाले आहे. दुसऱ्यात जसेच्या तसे शब्द आहेत आणि ऐकणाऱ्याचा उल्लेख नाही : ‘“देन ऑर्डर अ टँकर,” आय सेड.’ तिसऱ्यात ‘विचारावे लागेल’ यात कर्ता दिसत नाही, मराठीला तो लागतही नाही, पण इंग्रजीला तो द्यावाच लागतो : ‘ही सेड दॅट ही वुड हॅव टू आस्क द कमिटी.’

चौथ्या वाक्यात सूचनाच कर्ता होते : ‘द नोटीस डाउनस्टेअर्स, हाउएव्हर, सेझ दॅट द रिपेअर्स विल बी डन ऑन संडे.’ सूचना अजून भिंतीवर आहे आणि रविवार उजाडायचा आहे, म्हणून ‘सेझ’ आणि ‘विल’ दोन्ही वर्तमानातून पाहिलेले राहतात. पाचव्यात दोन क्रिया आहेत, त्यांतली पहिली प्रश्नाची : ‘आय आस्क्ड द वॉचमन, बट नोबडी हॅड टोल्ड हिम एनीथिंग.’ विचारण्याच्या आधीची गोष्ट असल्यामुळे ‘हॅड टोल्ड’. सहाव्यात कोणी बोललेलेच नाही, फक्त कळले आहे : ‘आय कुड टेल फ्रॉम द सेक्रेटरीज फेस दॅट ही वॉजन्ट शुअर आयदर.’

शेवटचे वाक्य कामाचे आहे : ‘इन द एंड ही टोल्ड अस टू स्टोअर इनफ वॉटर फॉर टू डेज.’ सचिव पदाच्या अधिकाराने सूचना देत आहेत, तेव्हा ‘टोल्ड’ चालते. उद्या याच रहिवाशांना सचिवांकडे लेखी स्मरणपत्र द्यायचे असेल आणि ‘आम्ही तुम्हाला टँकर मागवायला सांगितले होते’ हे त्यात लिहायचे असेल, तर ‘वुई टोल्ड यू टू ऑर्डर अ टँकर’ असे न लिहिता ‘वुई हॅड आस्क्ड यू टू ऑर्डर अ टँकर’ असे लिहावे.